कोकोमुळे डोळ्याचा पडदा सुधारतो का? सासूबाई ऐकत नाहीत

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

सासूबाई, वय ६८, शुगर जुनी. उजव्या डोळ्याने पेपरातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या म्हणून मिरजेला दाखवलं. थेंब टाकून तपासणी झाली, ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) झाली. शुगरमुळे पडद्याला सूज आलीय, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून सासूबाईंनी तो विषयच बंद केलाय.

त्यात त्यांच्या पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ पाठवला. कोकोमधलं एपिकॅटेचिन नावाचं द्रव्य पडद्याचे आजार बरे करतं, परदेशात संशोधन झालंय, डॉक्टर लोक हे लपवतात, वगैरे. नुसता व्हिडिओ नाही, येताना डार्क चॉकलेटची खोकीच घेऊन आला. आता रोज जेवण झालं की वडी तोंडात, आणि वर "दिवाळीपर्यंत बघू, मला फरक वाटतोय."

तर यात काही तथ्य आहे का? आणि सुईची भीती कशी घालवायची? ज्यांच्या घरात कुणी ही इंजेक्शनं घेतली असतील त्यांनी कृपया लिहा.

रिकामटेकडा
औषध म्हणून चॉकलेट आणि ते पोहोचवायला भाचा! आमच्या नशिबी सगळे भाचे उसने पैसे मागणारे.

सुमनताई_वाई
अगं, चॉकलेट राहू दे बाजूला, ओळी वाकड्या दिसतायत म्हणजे सूज मधोमध आलीय. थांबू नका. आमच्या ह्यांना झालं होतं. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता पाहुणे आहेत.

रेणूसूत्र
कराडला औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. हा व्हिडिओ माझ्यापर्यंतही आलाय. त्यात सगळं खोटं असतं तर बरं झालं असतं, दोन ओळींत उडवून लावता आला असता.

कोकोच्या बियांत फ्लॅव्हेनॉल गटातली द्रव्यं भरपूर असतात, एपिकॅटेचिन त्यातलं मुख्य. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटायला ते मदत करतं आणि वाहिन्या थोड्या सैल होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉलसाठी एवढंच विधान मान्य केलं. त्यात डोळ्याचं नाव नाही. पण डोळ्याचा पडदा प्राणवायू फार खातो, त्याच्या वाहिन्या अतिशय बारीक, म्हणून संशोधकांना तिथे हे वापरून बघावंसं वाटलं, यात गैर काही नाही.

ब्राझीलमधल्या कॅम्पिनासच्या गटाने मधुमेही केलेल्या उंदरांना पॉलिफिनॉलने (फ्लॅव्हेनॉल ज्यात मोडतात तो मोठा गट) समृद्ध कोको दिला. २०१५ साली छापून आलेल्या त्या कामात, मधुमेहाने पडद्यातल्या आधारपेशी जशा बिथरतात तशा त्या कोकोवाल्या उंदरांत कमी बिथरल्या. चांगलं काम आहे. उंदरांवरचं आहे.

माणसांवर म्हणाल तर २०१८ मध्ये टेक्सासात ३० निरोगी लोकांना एकदा डार्क आणि एकदा मिल्क चॉकलेट देऊन साधारण पावणेदोन तासांनी नजर तपासली. डार्कनंतर फिकट अक्षरं जरा बरी वाचता आली. सगळ्या पेपरांत बातमी झाली. मग म्युनिकच्या डॉक्टरांनी २२ निरोगी लोकांवर तसाच प्रयोग केला, पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटोही काढले. ना वाहिन्यांत फरक, ना नजरेत. त्याची बातमी कुणी केली नाही.

विश्रामबागकर ताई, यातल्या एकाही प्रयोगात शुगरने सुजलेला पडदा घेऊन कुणी माणूस बसलेला नव्हता. तुमच्या सासूबाई या अभ्यासांत कुठेच नाहीत.

बेदाणा
आम्ही तासगावकर कधीपासून सांगतोय, द्राक्षाच्या सालीत रेसव्हेराट्रॉल असतं, तेही पडद्याला चांगलं म्हणतात. कोको परका, बेदाणा घरचा. भाचेसाहेबांना म्हणावं पुढच्या खेपेला इकडून खोकी न्या.

हळदकरी
@बेदाणा, थांबा जरा. उंदरांवरच मोजायचं तर हळदीला कोण हरवणार? कर्क्युमिनवर जेवढे पेपर निघालेत तेवढी पोती मार्केट यार्डात नसतील. कर्करोग, सांधे, मेंदू, डोळा, काय म्हणाल ते.

मात्र हळद विकणारा माणूस म्हणून एक सांगतो. हळदीत कर्क्युमिन तीन-चार टक्क्यांच्या आसपास, आणि पोटात गेलं की त्यातलं रक्तापर्यंत पोहोचतं फारच थोडं. आमच्याकडे बाहेरगावचे लोक येतात, "औषधाची हळद द्या" म्हणतात. मी आमटीत घालायची हळद देतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रंगाला आणि वासाला, डोळ्याच्या पडद्याला नव्हे.

रिकामटेकडा
हळद + बेदाणा + कोको. सांगलीकर भडंग मसाला, आता डोळ्यांसाठीही.

वैद्यकुळातला
इथे नेहमीप्रमाणे निसर्गातलं काही आलं की थट्टा सुरू. ॲस्पिरिनचं मूळ विलोच्या सालीत, हृदयाचं डिजॉक्सिन डिजिटॅलिसच्या पानात, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं मूळही एका रानटी झाडापर्यंत जातं. कोकोचं पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या त्यावर पैसा घालत नाहीत, हे साधं अर्थशास्त्र आहे. आमच्या आयुर्वेदात नेत्रतर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरणं) आहे, त्रिफळा आहे. सगळ्यावर सुई हेच उत्तर का?

रेणूसूत्र
@वैद्यकुळातला, वनस्पतींबद्दल तुम्ही बरोबर आहात. मी तेच शिकवतो. पण पेटंटचा मुद्दा इथेच लागू पडत नाही. कोकोच्या अर्कावरची सगळ्यात मोठी चाचणी, कॉसमॉस, अमेरिकेत झाली ती चॉकलेटवाल्या मार्स कंपनीच्या पैशातून, सोबत सरकारी निधीही होता. २१,४४२ वयस्क माणसं, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल, त्यात ८० मिलिग्रॅम एपिकॅटेचिन, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. मध्यम काळ ३.६ वर्षं. २०२२ मध्ये निकाल आला. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सगळं मिळून १० टक्के घट दिसली, पण ती योगायोगानेही आली असती एवढीच. हृदयरोगाने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले, म्हणून संशोधक अजून आशेवर आहेत. याच चाचणीत वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या झिजेकडेही पाहिलं, तिथे एकंदरीत ठोस फरक निघाला नाही.

म्हणजे ज्याचा धंदा आहे त्यानेच खिशातून पैसे घातले, आणि तरी हात राखूनच बोलावं लागलं. याला मी प्रामाणिकपणा म्हणेन. लपवाछपवी व्हिडिओवाले करतात, कारण ते उंदरांवर थांबतात आणि कॉसमॉसचं नाव घेत नाहीत.

वैद्यकुळातला
कॉसमॉस वाचलेलं नव्हतं, वाचतो. तर्पणाबद्दल वेगळा धागा काढेन, तिथे या.

रिकामटेकडा
आम्ही पॉपकॉर्नसकट येऊ. त्यात फ्लॅव्हेनॉल नाहीत ना?

निशाचर
धागा वाचतोय पण "पडद्याचे आजार" हा शब्द आला की मला बोलावंच लागतं.

मी साताऱ्याचा. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. संध्याकाळ झाली की दिसत नाही, आणि दिवसाही बाजूचं दिसत नाही, समोरचं तेवढं. दारात उभ्या माणसाशी नीट बोलतो आणि पायाशी ठेवलेल्या बादलीवर धडकतो. लोकांना वाटतं सोंग करतोय. माझे आईवडील आते-मामे भावंडं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत, कुणी नवल मानत नाही. दोघांकडे एकच बिघडलेलं जनुक असलं की प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. माझ्या वाट्याला ते आलं, बहिणीच्या नाही.

आता सांगा, माझा पडदा आणि विश्रामबागकर ताईंच्या सासूबाईंचा पडदा, यात सारखं काय आहे? त्यांच्या रक्तवाहिन्या पाझरतायत. माझ्या प्रकाश टिपणाऱ्या पेशीच एकेक करून मरतायत. म्हातारपणी मधला भाग झिजतो तो तिसरा प्रकार. पडदा सुटतो तो चौथा, त्याला तर तातडीचं ऑपरेशन. व्हिडिओत एका द्रव्याने हे सगळे "पडद्याचे आजार" बरे होतात. मला आजवर माशाचं तेल, गव्हांकुर, कसल्या कसल्या गोळ्या, एका शिबिरात तर चुंबकाचा पट्टासुद्धा विकायचा प्रयत्न झालाय. कोको हा त्यातला चवीला सगळ्यात बरा, एवढं मानतो.

खरी बातमी आहे तीही सांगतो. २०१७ मध्ये अमेरिकेत पडद्याच्या आनुवंशिक आजारावरच्या पहिल्या जनुक उपचाराला मान्यता मिळाली. ज्यांचं आरपीई६५ हे जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलंय अशांनाच तो चालतो. माझं ते नाही. एकाच जनुकासाठी एवढी वर्षं गेली, हे लक्षात घेतलं की असले व्हिडिओ पाहून राग येत नाही, कंटाळा येतो.

सुमनताई_वाई
निशाचर दादा, किती नीट लिहिलंत. आमच्या भावकीतही एकाला असंच आहे. आता आतेमामेत लग्न जुळवायचं निघालं की मी हे वाचून दाखवणार.

ओसीटीवाला
मी मिरजेत नेत्रतपासणीचं काम करतो, मशीनवर बसतो. डॉक्टर नाही, पण रोज असे पेशंट बघतो म्हणून लिहितो.

विश्रामबागकर ताई, शुगरमध्ये काय होतं तर पडद्यातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. ठिबकची नळी जागोजागी चिरली की नको तिथे पाणी साचतं, तसं पडद्याच्या थरांत पाणी साचतं. प्राणवायू कमी पडला की पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त सोडतो आणि गळती आणखी वाढते. इंजेक्शन त्या प्रथिनाला अडवतं. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही त्यातली नावं, किमतीत खूप फरक आहे. खर्चाची अडचण असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, लाजू नका. सुरुवातीला साधारण महिन्याला एक, मग ओसीटी बघून अंतर वाढवतात. सूज फार दिवस राहिली तर नंतर उतरली तरी गेलेली नजर पूर्ण परत येत नाही. म्हणून दिवाळीपर्यंत थांबणं महागात पडेल.

वरची मंडळी विसरली ती गोष्ट म्हणजे चॉकलेटमधली साखर! ७० टक्के डार्क म्हटलं तरी उरलेल्यात बहुतेक साखरच. ४० ग्रॅम खाल्लं तर १०-१२ ग्रॅम साखर पोटात. इंग्लंडच्या यूकेपीडीएस अभ्यासात शुगर काटेकोर ठेवल्याने बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, रक्तदाब नीट ठेवल्याने पडदा बिघडत जाण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी. १९९८ ची गोष्ट आहे. एवढा फायदा दाखवणारी वडी अजून कुणी बनवलेली नाही.

बेदाणा
म्हणजे बेदाणाही नको?

ओसीटीवाला
@बेदाणा, शुगरवाल्याला मूठभर नको. तुम्ही खा खुशाल.

पाचगणीची_पोर
मी चॉकलेट बनवण्याच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं अवांतर. पाकिटावर ७० टक्के लिहिलेलं असतं ते कोकोचा गर आणि कोको बटर मिळून. फ्लॅव्हेनॉल किती, हे त्यावरून कळत नाही. बी आंबवताना, भाजताना ती द्रव्यं कमी होत जातात. त्यात पावडर अल्कलीने प्रक्रिया केलेली असेल तर आणखी कमी, आणि गंमत म्हणजे तीच दिसायला जास्त काळीभोर. लोक रंग बघून "हे अस्सल" म्हणतात. आणि फिरायला आल्यावर जे "होममेड" घेता त्याच्या घटकांत कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड, खायला छान, संशोधनाशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणूनच कॉसमॉससारख्या मोठ्या अभ्यासात कॅप्सूल देतात, वडी नाही.

पुण्याचा_भाचा
नवीन सदस्य. मीच तो. वहिनींनी धागा काढलाय हे घरच्या ग्रुपवर कळलं.

मी आत्याला इंजेक्शन बंद कर असं कधीही म्हणालो नाही. दोन्ही कर म्हणालो होतो. आत्याने सोयीचं तेवढं ऐकलं. आणि मुळात तिला दिवसभर पेढे खाताना बघून डार्क चॉकलेट आणलं, ते निदान कमी गोड. सातारचे कंदी पेढे कपाटात कोण ठेवतं, हेही वहिनींनी लिहावं.

विश्रामबागकर
@पुण्याचा_भाचा, पेढे प्रसादाचे होते. आणि व्हिडिओखाली "इंजेक्शनची गरज नाही" अशी मोठी ओळ आहे, ती तुम्ही पाठवताना वाचली असेलच.

रिकामटेकडा
धागा घराघरांत पोहोचला, सार्थक झालं.

सुमनताई_वाई
आले. पाहुणे गेले.

आमच्या ह्यांना डाव्या डोळ्यात घ्यावी लागली. तेही सासूबाईंसारखेच, इंजेक्शन म्हटलं की घराबाहेर. मग माझ्या ध्यानात आलं की त्यांना दुखण्याची भीती नाहीच. सुई समोरून येताना दिसेल, याची भीती. उघडा डोळा, आणि त्यात सुई. विचारायची लाज वाटत होती. डॉक्टरांना मी विचारलं तेव्हा कळलं, दिसत नाही. आधी सुन्न करायचे थेंब टाकतात, पापण्या अडकवायला बारीक क्लिप, दुसरीकडे बघायला सांगतात, आणि पांढऱ्या भागातून देतात. ह्यांनी "सुरू कधी करणार?" विचारलं तेव्हा झालेलं होतं. एकदोन दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, ते जातात.

तुझ्या सासूबाईंना माझ्याशी फोनवर बोलायला लाव. सुनेचं ऐकत नाहीत, परक्या बाईचं ऐकतात.

ओसीटीवाला
सुमनताईंना +१. फक्त जोडतो: नंतरच्या दिवसांत दुखणं वाढलं, डोळा लाल होत गेला किंवा नजर एकदम कमी झाली तर वाट न बघता लगेच परत जायचं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तास मोजावे लागतात. आणि डाव्या डोळ्याचीही तपासणी ठरल्या वेळी करा. शुगर दोन्ही डोळ्यांना सारखीच.

माडग्याळी
नमस्कार. आमच्या जत भागात ह्ये कोकोचं झाड येईल का वो? डाळिंबाला तेल्यानं खाल्लं, द्राक्षाचा खर्च परवडंना. भाव बरा हाय म्हणत्यात.

मोत्याचा_बाप
विषय निघालाच आहे तर, कुत्र्याला चॉकलेट देऊ नका. त्यातलं थिओब्रोमिन त्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, विषबाधा होते, डार्कने तर जास्तच. आमच्या मोत्याने खोकं फोडलं आणि रात्रभर जनावरांच्या दवाखान्यात बसलो. सासूबाईंकडे कुत्रा असेल तर खोकी उंचावर ठेवा.

विश्रामबागकर
कुत्रा नाही, पण नातू आहे, तोही खोकी फोडतो.

ताजी खबर. सासूबाईंनी काल सुमनताईंना तासभर छळलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "सुई दिसत नाही हे तुला आधी सांगता आलं नाही?" गुरुवारी मिरजेला जातोय. अट एकच, गाडी भाच्याने चालवायची आणि आत त्यानेच सोबत बसायचं.

रेणूसूत्र ताईंना (की दादांना?) एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर नसलेली एक "डोळ्यांची व्हिटॅमिनं" म्हणून गोळी दुकानदाराने पुढे केली. ल्युटीन वगैरे. ती घ्यावी का?

रेणूसूत्र
दादा. ल्युटीन, झिअॅक्झँथिन, जस्त, क आणि ई जीवनसत्त्व हे मिश्रण एआरईडीएस२ चाचणीतून आलंय, २०१३. वयोमानाने होणाऱ्या झिजेच्या मधल्या टप्प्यावर असलेल्यांत आजार पुढे सरकण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी करतं, एवढाच त्याचा पुरावा. शुगरच्या सुजेसाठी ते नाही. निशाचर म्हणाले तेच, पडदा एक पण आजार वेगळे. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर दुकानदाराला परत द्या.

पुण्याचा_भाचा
गुरुवारी सुट्टी टाकलीय. आत बसायचं म्हणजे सुई मला दिसणार का?

ओसीटीवाला
@पुण्याचा_भाचा, हो. बहुतेक ठिकाणी नातेवाईकाला बाहेरच बसवतात, तुमचं नशीब जोरावर असेल. सासूबाईंसाठी काळा चष्मा न्या. बाहुली मोठी केलेली असते, दुपारभर अंधूक दिसेल, ऊन सहन होणार नाही.

माडग्याळी
माझं कुणी सांगितलंच न्हाई.

पाचगणीची_पोर
@माडग्याळी दादा, कोकोला सावली, दमट हवा आणि बारमाही ओल लागते. आपल्या देशात ते केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून घेतात. जतच्या उन्हात आणि पाण्यात नाही टिकायचं. तरी माहिती हवी असेल तर कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेचं कर्नाटकात विट्टलला केंद्र आहे, तिथे कोकोवर काम चालतं. रोपं घेण्याआधी त्यांना विचारा, एजंटाला नको.

माडग्याळी
बरं. मग मेंढरंच बरी.